तापीकाठची माकडं आणि आपली सोयरीक

(तालुक्याच्या वाचनालयात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना थोडं संपादन केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

सुरुवात तापीपासून करतो. भारतात वस्तीजवळ सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांच्या दोन जाती आहेत, आणि पश्चिम भारतात त्यांच्यातली हद्द ढोबळमानानं तापी नदी मानली गेली आहे. उत्तरेला ऱ्हीसस माकड, दक्षिणेला टोपी माकड. ओळखायचं असेल तर शेपूट बघा. टोपी माकडाची शेपटी धडाहून लांब असते आणि डोक्यावरचे केस मधल्या भोवऱ्यापासून चहूकडे पसरलेले असतात. ऱ्हीससची शेपटी आखूड असते आणि कमरेखाली नारिंगी-तांबूस झाक असते. आपल्या रक्तगटापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहितात, तो आरएच घटक १९४० मध्ये याच ऱ्हीससच्या रक्तावरच्या प्रयोगांतून पुढे आला आणि याच माकडाचं नाव लावून बसला.

दिसण्यातला हा फरक लहान आहे, वागण्यातला मोठा आहे. ऱ्हीससच्या टोळीत पायरी फार कडक असते. वरच्या पायरीवरच्या माकडानं खालच्याला फटका मारला तर खालचं माकड सहसा उलट मारत नाही. ते दात दाखवून शरण जातं किंवा पळतं, आणि भांडणानंतर दोघं जवळ येऊन बसतील याचा भरवसा कमी. टोपी माकडांत पायऱ्या आहेत, पण त्यांची धार बोथट आहे. मोठे झालेले नरसुद्धा एकमेकांना मिठी मारतात, एकमेकांचे केस चाळत तासन्‌तास बसतात, खेळतातही. माणसाचा समाज कसा घडला असेल हे शोधणाऱ्यांना या दोन शेजाऱ्यांकडे बघून पहिला प्रश्न पडतो तो हा: शरीर इतकं सारखं, जंगल जवळजवळ सारखं, मग रीतभात इतकी वेगळी का?

(अलीकडे ही हद्द पाळली जात नाही. ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत आहेत. काही आपण होऊन येतात, काहींना माणसंच शहरात पकडून दुसरीकडे नेऊन सोडतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं इशारा दिला होता की यामुळे टोपी माकडांचा मुलूख आकसतो आहे. टोपी माकड जगात फक्त दक्षिण भारतात आहे. ते इथून गेलं की संपलं. याची मला मनापासून काळजी वाटते, पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.)

या दोन्ही जातींत एक गोष्ट मात्र सारखी आहे, आणि आजच्या बोलण्याचा धागा तिथूनच निघतो. लेक घर सोडत नाही. वयात आलेला नर टोळीतून बाहेर पडतो आणि दुसऱ्या टोळीत जागा शोधतो. मादी जिथं जन्मली तिथंच आई, आजी, मावशा, बहिणींच्या घोळक्यात आयुष्य काढते. तिची पायरी आईवरून ठरते. १९५८ साली कावामुरा या जपानी संशोधकानं तिथल्या माकडांत एक नियम नोंदवला: आईच्या लगेच खालची पायरी धाकट्या लेकीची, मग थोरलीची. कारण भांडण झालं की आई धाकटीची बाजू घेते. नराला असा वारसा मिळत नाही. तो येतो, काही वर्षं राहतो, जातो. टोळीचा कणा बायकांच्या नात्याचा असतो.

आता आपल्या वानरांकडे येऊ. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. पाटणादेवीच्या डोंगरात, सातपुड्याच्या पायथ्याला, आपल्या चिंचेच्या झाडांवर येतात ती. यांच्यातही माद्या आयुष्यभर एकत्र राहतात, पण बऱ्याच टोळ्यांत मोठा नर एकच असतो. त्याला आपण हुप्प्या म्हणतो. बाकीचे नर टोळीबाहेर झुंडी करून फिरतात आणि संधीची वाट बघतात. संधी आली की हुप्प्याला हाकलून नवा नर टोळी ताब्यात घेतो, आणि त्यानंतर काही वेळा तो अंगावर पिणारी पिल्लं मारतो.

१९६२ साली धारवाडजवळ सुगियामा या जपानी संशोधकानं हे प्रथम नीट नोंदवलं, तेव्हा फार कोणी मानायला तयार नव्हतं. माणसाच्या वस्तीजवळ दाटी झाली म्हणून हा बिघाड झाला असेल, असं अनेकांना वाटलं. हेच तपासायला सारा ब्लाफर हर्डी ही हार्वर्डची विद्यार्थिनी १९७१ मध्ये अबूच्या पहाडावर आली. तिनं वेगळंच मांडलं. पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही. नव्या हुप्प्याला टोळी दोन-अडीच वर्षं टिकली तरी पुष्कळ. थांबणाऱ्या नराची स्वतःची संतती होण्याआधीच त्याला कोणीतरी हुसकून लावणार. मारणाऱ्याची संतती जास्त उरते आणि म्हणून ही सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पुढे नेपाळमध्ये रामनगरच्या वानरांवर डीएनए चाचण्या झाल्या आणि १९९९ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. मारणारे नर मारलेल्या पिल्लांचे बाप नव्हते, आणि त्याच माद्यांच्या पुढच्या पिल्लांचे बाप तेच असण्याची शक्यता दिसली. दाटीमुळे झालेला बिघाड, हे उत्तर त्यानंतर फारसं टिकलं नाही.

हे ऐकताना तुमच्यातल्या काही चेहऱ्यांवर जे उमटलं ते मला दिसलं. पण गोष्ट इथं थांबत नाही. मादी गप्प बसत नाही. ती टोळीबाहेरच्या नरांशीही संग करते, कधी कधी पोटुशी असतानासुद्धा. उद्या त्यातला कोणी हुप्प्या झाला तर हे पिल्लू आपलंच असेल, एवढा संशय त्याच्या वागण्यात राहिला तरी पिल्लू वाचतं. आणि पिल्लावर हल्ला झाला तर पुढे कोण होतं? हर्डीनं पाहिलं की पुष्कळदा म्हाताऱ्या माद्या पुढे होतात. ज्यांना आता पिल्लं होत नाहीत, त्या अंगावर जखमा घेतात. या म्हाताऱ्यांकडे आपण पुन्हा येणार आहोत.

वानरांचं एक दृश्य तुम्ही या उन्हाळ्यात स्वतः बघा. वानरीचं नवं पिल्लू आईसारखं करड्या रंगाचं नसतं. ते काळपट-तपकिरी असतं, तोंडाची कातडी फिकट असते, आणि दुरूनसुद्धा वेगळं उठून दिसतं. जन्मल्या दिवसापासून दुसऱ्या माद्या ते मागायला येतात. एक हात पुढे येतो, पिल्लू आईच्या छातीवरून अलगद सोडवलं जातं, दुसरीच्या पोटाला चिकटतं. थोड्या वेळानं तिसरी घेते. यात तरण्या, अजून न व्यायलेल्या माद्यांची हौस जास्त असते आणि त्यांना धरायचं कसं ते नीट येत नाही. पिल्लू उलटं लटकतं, चिरकतं, मग कोणीतरी अनुभवी मादी ते काढून घेते. तेवढ्या वेळात आई पाला खाऊन घेते. ऱ्हीससची आई असं सहसा करू देत नाही. ती पिल्लू छातीशी घट्ट धरून ठेवते, कारण खालच्या पायरीवरच्या आईला ते परत मिळेलच याची खात्री नसते. जिथं बायकांमधली पायरी कडक, तिथं आईचे हात रिकामे होत नाहीत. मला या साऱ्या शास्त्रातलं हे निरीक्षण सगळ्यांत मोलाचं वाटतं.

आता बिनशेपटीच्या वानरांकडे. त्यांच्यातल्या चिंपांझी आणि बोनोबो या दोन जाती आपल्याला सगळ्यांत जवळच्या आहेत. माणूस आजच्या चिंपांझीपासून झालेला नाही, हे इथं पुन्हा सांगून ठेवतो. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एक होता, मग वाटा फुटल्या.

शरीर बघून एखाद्या प्राण्याच्या जोडीदारीची रीत बरीचशी सांगता येते. गोरिलाचा नर मादीच्या दुप्पट वजनाचा असतो, कारण एका नराकडे अनेक माद्या असतात आणि त्या राखायला अंगबळ लागतं. आसामातल्या हूलॉक गिबनमध्ये नर-मादी जोडीनं राहतात. दोघं आकारानं जवळजवळ सारखे, सुळेही दोघांचे सारखेच लांब. चिंपांझीची मादी अनेक नरांशी संग करते, त्यामुळे तिथं नरांची चढाओढ बाहेरच्या मारामारीपेक्षा वीर्याच्या पातळीवर जास्त चालते. सभेत पोरं बसली आहेत, तरी हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही: गोरिला चिंपांझीच्या कितीतरी पट वजनाचा, पण त्याचे अंडकोष साधारण तीस ग्रॅमचे, चिंपांझीचे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. माणसाचे चाळीसच्या आसपास. माणसात पुरुष बाईपेक्षा वजनानं सरासरी पंधरा-वीस टक्केच मोठा आहे आणि सुळे दोघांचेही लहान आहेत. म्हणजे आपलं शरीर गोरिलाचं नाही, चिंपांझीचं नाही आणि पुरतं गिबनचंही नाही. बऱ्याच काळापासून जोडी जमवून राहणारा, पण दुसऱ्या जोड्यांच्या गर्दीत राहणारा प्राणी, असं ते सांगतं. आणि ही गोष्ट दुर्मीळ आहे. जोडीनं राहणारे गिबन दुसऱ्या जोडीला जवळ फिरकू देत नाहीत.

चिंपांझीत लेकीची गोष्ट उलटी होते. १९६० मध्ये जेन गुडॉल टांझानियात गोंबेला गेल्या आणि त्याच देशात महालेच्या डोंगरात १९६५ पासून निशिदा यांनी काम सुरू केलं. निशिदांच्या निरीक्षणांतून स्पष्ट झालं की चिंपांझीत नर जन्मभर आपल्या टोळीत राहतात आणि वयात आलेल्या बहुतेक माद्या दुसऱ्या टोळीत जातात. तिथं आधीपासून असलेल्या माद्या नवखीला मारतात. चांगल्या फळांची जागा तिला मिळत नाही. नरांच्या आडोशानं ती दिवस काढते. एकदा स्थिरावली, लेकरू झालं, की आई आणि भावाशी तिचा संबंध जवळजवळ संपतो. पुढे कधी तिच्या जन्माच्या टोळीचे आणि नव्या टोळीचे नर हद्दीवर भेटले, तर ते शत्रू म्हणून भेटतात. तिचा भाऊ आणि तिचा मुलगा समोरासमोर आले तरी मामा-भाचा म्हणून एकमेकांना ओळखत नाहीत. गोंबेत १९७४ ते १९७८ या काळात फुटून निघालेल्या लहान गटाचे सगळे मोठे नर मूळ गटाच्या नरांनी एकेक करून संपवले. ते काही वर्षांपूर्वी एकत्र वाढलेले, एकमेकांचे केस चाळणारे नर होते.

कांगो नदीच्या दक्षिणेला बोनोबो राहतात. तिथंही नदीच हद्द आहे. बोनोबोंतही लेकच घर सोडते. पण तिथं माद्या एकमेकींच्या नात्यातल्या नसूनही एक होतात, आणि एखादा नर अंगावर आला तर मिळून त्याला पळवतात. नराला आपल्या बळावर फार पुढे जाता येत नाही. त्याचं वजन आईवरून ठरतं. २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं की आई टोळीत असलेल्या नराला संतती होण्याची शक्यता आई नसलेल्याच्या सुमारे तिप्पट होती. चिंपांझींच्या आयांचा असा उपयोग दिसला नाही. दोन्ही जाती माणसाला सारख्याच जवळच्या. त्यामुळे पुरुषानं दाबायचं आणि बाईनं दबायचं हा निसर्गाचाच कायदा आहे असं कोणी सांगितलं, तर त्याला विचारा, नदीच्या कोणत्या काठाचा?

आता माणूस. माणसाच्या लेकराला जन्मापासून स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत सुमारे एक कोटी ते एक कोटी तीस लाख कॅलरी लागतात, असा हिशेब मानवशास्त्रज्ञांनी मांडला आहे. एकट्या आईला हे शक्य नाही. चिंपांझीची मादी एक पिल्लू मोठं झाल्याशिवाय दुसऱ्याच्या वाटेला जात नाही; दोन बाळंतपणांत पाच-सहा वर्षं जातात. कंदमुळं आणि शिकारीवर जगणाऱ्या माणसांत हेच अंतर साधारण तीन-चार वर्षांचं आहे. म्हणजे थोरलं अजून खायला मागत असताना धाकटं येतं. मग थोरल्याला कोण घालतं? टांझानियातल्या हाड्झा लोकांत क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप केलं तेव्हा उत्तर मिळालं. पाळी गेलेल्या म्हाताऱ्या बाया उन्हातान्हात कठीण जमीन खणून कंद काढत होत्या, तरण्या बायांइतकंच, कधी जास्तच. धाकटं अंगावर असताना थोरल्याची वाढ आजीच्या मेहनतीवर ठरत होती. पाळी थांबल्यावर बाई वीस-तीस वर्षं जगते हे इतर प्राण्यांत फार क्वचित दिसतं. आजीच्या कष्टानं नातवंडं जगली आणि म्हणून लांब आयुष्य टिकलं, असा त्यांचा तर्क आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या शिवारात बांधावरच्या निंबाला बांधलेली झोळी आणि तिची दोरी हाताशी घेऊन बसलेली म्हातारी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. पिंपळनेरच्या शेतात असो की चोपड्याच्या, ती म्हातारी आहे म्हणून तिची सून किंवा लेक दिवसभर वेचणी करू शकते.

जोडी जमली, बाप ठाऊक झाला, आजी राबू लागली. यातून जे पुढे घडलं ते माझ्या मते माणसाच्या समाजाचं मूळ आहे, आणि मी आज इथं आलो तो ते सांगायला. माणसाची लेक घर सोडून गेली आणि तरी तुटली नाही.

बर्नार्ड शापे या कॅनडाच्या मानवशास्त्रज्ञानं २००८ मध्ये हा विचार नीट मांडला. चिंपांझीत बाप ओळखला जात नाही, त्यामुळे बापाच्या बाजूची नाती उभीच राहत नाहीत. आणि लेक गेली की आईच्या बाजूचं नातंही तुटतं. माणसात जोडी टिकते म्हणून लेकराला बाप कळतो. लेक दुसऱ्या गटात गेली तरी तिचा बाप आणि भाऊ तिला ओळखतात, तिच्या नवऱ्याला ओळखतात, तिच्या लेकराला ओळखतात. ज्या टोळीशी काल हद्दीवर मारामारी झाली, तिथं आज बहीण नांदते आहे. तिथं दगड मारायचा तर भाच्याला लागेल. दोन टोळ्यांमध्ये पहिल्यांदा सोयरीक झाली. शत्रूऐवजी व्याही निर्माण झाले. एवढ्या एका गोष्टीनं माणसाचा गट पन्नास-शंभरांवर अडकून राहिला नाही.

२०११ मध्ये किम हिल आणि सहकाऱ्यांनी भटक्या, शिकारी-कंदमुळी जगणाऱ्या ३२ समाजांच्या वस्त्यांची माहिती एकत्र केली. त्यांच्यात मुलगेच राहतात किंवा मुलीच राहतात असा नियम सापडला नाही. कोणी नवऱ्याच्या वस्तीत, कोणी बायकोच्या. मोठे झालेले भाऊ-बहीण एका वस्तीत राहताना दिसले, आणि वस्तीतली बरीच माणसं एकमेकांची रक्ताची नव्हती, सासर-माहेरच्या धाग्यानं आलेली होती. लेकीनं कायमचं सासरी जायचं, ही रीत शेती आणि गुरंढोरं आल्यावर घट्ट झाली असावी. जमीन बापाकडून मुलाकडे जाऊ लागली की मुलाला घरी ठेवावं लागतं.

आपल्याकडे आखाजी येते तेव्हा हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघता येतं. आदल्या दिवशी अमळनेर, पारोळा, धरणगावच्या एसटी स्टँडवर उभे राहा. भाऊ बहिणीला घेऊन निघालेला असतो. कोणाच्या कडेवर भाचा, हातात पिशवी. मुराळी म्हणून गेलेला भाऊ सासरच्या ओसरीवर बसतो, पाणी घेतो, पोरीचा चेहरा बघतो, ती वाळली का, बोलते कशी, सासूसमोर गप्प होते का, हे सगळं एका नजरेत टिपतो. घरी येऊन आईला सांगतो. मग चार दिवस निंबाला झोका, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस. पितरांची घागर भरली जाते त्याच दिवशी लेकही घरी आलेली असते. इतर कोणत्याही वानरकुळात घर सोडून गेलेल्या मादीची अशी दर वर्षी विचारपूस होत नाही. लग्नात नवरीला मांडवात मामा आणतो, हीही साधी गोष्ट नाही. दुसऱ्या टोळीत राहणारा आईचा भाऊ आपला कोणीतरी लागतो, हे चिंपांझीला ठाऊक नसतं.

एकत्र वाढलेल्या भावंडांना एकमेकांविषयी ओढ वाटत नाही, हे एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्येच मांडलं होतं. माकडांतही रक्ताच्या माणसाला टाळण्याची प्रवृत्ती दिसते. कूळ, देवक, गोत्र यांचे नियम त्याच्या पुढचे. मामाची मुलगी आपल्याकडे अनेक जातींत चालते आणि काकाची चालत नाही, यावरून एवढंच कळतं की शरीर थोडं सांगतं आणि बाकीचं समाज ठरवतो.

समाज किती वेगवेगळं ठरवतो, ते आपल्याच खानदेशच्या तीन जिल्ह्यांत बघा. सातपुड्यात भिल्ल-पावरा समाजात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात. खाली तापीच्या काळ्या जमिनीत मुलीचा बाप हुंडा देतो, कायद्यानं बंदी असूनही. जगातल्या समाजांची नोंद पाहिली तर मुलीच्या बाजूला काही देण्याची रीत बहुसंख्य समाजांत आहे, हुंड्याची अगदी मोजक्या समाजांत. जिथं बाईच्या हातच्या कष्टाला उघड किंमत आहे, तिथं ती घर सोडते तेव्हा तिच्या माणसांना काहीतरी द्यावं लागतं. देजेतही तक्रारी आहेत, कर्ज आहे, ती आदर्श रीत आहे असं मी म्हणत नाही. पण २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात ८४२. ही संख्या मी पोरांना शिकवताना फळ्यावर लिहितो आणि वर्गात कोणी बोलत नाही. लेक आहे म्हणून पोटातच संपवण्याची रीत वानरकुळातल्या दुसऱ्या कोणत्याही जातीत नाही. हुप्प्या पिल्लू मारतो तेव्हा ते परक्याचं असतं. आपण स्वतःचं मारलं.

मुलींची संख्या त्याआधीच घटू लागली होती, आणि त्या वर्षांतली मुलं आता लग्नाला आली आहेत. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही हे गावोगाव ऐकू येतं. मग दलालामार्फत दूरच्या जिल्ह्यातून, कधी परराज्यातून मुलगी आणली जाते. तिला आपली अहिराणी कळत नाही. आखाजीला तिचा भाऊ मुराळी म्हणून येत नाही, कारण दोन दिवसांच्या रेल्वेचा खर्च त्याला परवडत नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघायला तिच्या बाजूचं कोणीच नाही. लाखो वर्षांपूर्वी माणसानं लेकीला जे दिलं आणि चिंपांझीला ज्याची कल्पनाही नाही, तेच आपण तिच्याकडून काढून घेतलं आहे.

मग यावर काही होऊ शकतं का? प्राण्यांची रीत बदलते का, असा प्रश्न मला नेहमी विचारतात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. केनियात रॉबर्ट सापोल्स्की बबून माकडांच्या एका टोळीचा अभ्यास करत होते. १९८० च्या दशकात त्या टोळीतले दांडगे, भांडखोर नर शेजारच्या पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर जाऊन लढून खात. तिथल्या सडक्या मांसातून क्षयरोग पसरला आणि ते सगळे मेले. जवळजवळ निम्मे नर गेले. उरले ते शांत स्वभावाचे नर आणि माद्या. टोळीतली मारामारी कमी झाली, केस चाळणं वाढलं. नवल पुढेच आहे. बबूनमध्ये नर टोळ्या बदलतात, त्यामुळे दहा वर्षांत ते जुने शांत नर उरले नाहीत, सगळे बाहेरून आलेले होते. तरी टोळीची रीत शांतच राहिली. माद्या नवख्यांशी लवकर सलोख्यानं वागत होत्या, आणि नवखे बाहेरचा दांडगेपणा सोडून देत होते.

दुसरी गोष्ट आपल्या ऱ्हीससची. १९३८ मध्ये भारतातून ४०९ ऱ्हीसस माकडं बोटीनं नेऊन पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या लहान बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया वादळानं बेटावरची बहुतेक झाडं पाडली. ऊन असह्य झालं आणि सावली थोडी उरली. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा सावलीची किंमत काय असते ते तुम्हाला सांगायला नको. इतक्या कडक पायऱ्यांची ही जात, सावलीवरून एकमेकांना फाडतील असं वाटलं होतं. झालं उलट. माकडं नात्याबाहेरच्यांनाही शेजारी बसू देऊ लागली, ओळखी वाढवू लागली, आणि वादळानंतरच्या वर्षांत ज्यांनी असं शेजार सोसलं त्यांचं जगणं वाढलं.

परक्या टोळीत एकटी आलेली मादी काय करते, याचं उत्तर मला बोनोबोंत दिसतं. कांगोतल्या वांबा इथं जपानी संशोधकांनी हे बारकाईनं पाहिलं आहे. नवखी पोर सगळ्यांकडे जात नाही. ती टोळीतली एक वयस्क, वजनदार मादी निवडते. तिच्या मागं मागं राहते, तिच्या जवळ बसते, तिचे केस चाळते. त्या मादीनं तिला जवळ केलं की बाकीच्या तिला मारत नाहीत. पुढे तिला स्वतःचं लेकरू होतं आणि तिची जागा पक्की होते. रक्ताचं नातं नसताना एक बाई दुसरीसाठी उभी राहते, एवढ्यावर ते सगळं चालतं.

इथं मागच्या रांगांत बचत गटाच्या बहिणी बसल्या आहेत. दूरवरून आणलेल्या सुना तुमच्या गल्लीत आहेत. त्यांच्याजवळ पहिल्यांदा कोण जाऊन बसलं, त्यांचं गाऱ्हाणं कोण ऐकतं, कोणाच्या शब्दाला तिच्या सासरी वजन आहे, हे मला पुस्तकातून कळणार नाही. माझं बोलणं झालं. माईक आता मागे पाठवा.